लुवेनियाबाईंची ओढ्याची वाट

लुवेनिया पेटिफोर्डबाई मुळात धीट नव्हत्या. पुढं अ‍ॅश लँडिंग गावात त्यांच्याबद्दल बरंच बोललं गेलं. कुणी त्यांना शूर ठरवलं, कुणी बेपर्वा. त्या दोन्ही नव्हत्या. शाळेची सहल असली की आदल्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. बस पुलावरून जायला लागली की त्या पोरांना हात आत घ्यायला लावायच्या आणि स्वतःचे हात मांडीवर घट्ट दाबून बसायच्या. नवरा वेंडेल नदीवरच्या मालवाहू बोटींवर कामाला होता. तो म्हणायचा, "लुवेनिया, काळजी करायला एखाद दिवशी काही नसलं ना, तर तू उठून शोधायला जाशील."

गाव ओहायो नदीच्या उत्तर काठावर. समोरच्या काठावर केंटकीच्या टेकड्या, अगदी हाकेच्या अंतरावर वाटाव्यात अशा. जुन्या काळी त्या काठावर माणसं गुलाम होती आणि या काठावर नव्हती. पण नदी पार केली म्हणजे सुटका झाली असं नव्हतं. पकडणारे कायद्याचा कागद खिशात घालून इकडेही येत. म्हणून पळून आलेल्या माणसांना इथं थांबता यायचं नाही. गावाच्या टोकाला हॉर्न ओढा नदीला मिळतो. त्या ओढ्याच्या पात्रातून वर चढायचं, टेकडीच्या माथ्यावर बोगार्डांचं घर गाठायचं, तिथून पुढच्या घरी, असं करत करत पार कॅनडापर्यंत. त्या वाटेला लोक भुयारी रेल्वे म्हणायचे. ना भुयार, ना रेल्वे. दरवर्षी वर्गातलं कुणीतरी हटकून विचारायचं, "मग बाई, तिकीट कुठं मिळायचं?"

पुस्तकात या सगळ्याला मोजक्या ओळी होत्या. लुवेनियाबाई त्या वाचायच्या आणि पान उलटायच्या. आधी त्या चर्चमागच्या काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या. ती शाळा बंद झाली, मुलं गावच्या मोठ्या शाळेत गेली आणि त्यांच्याबरोबर बाईही गेल्या. तिथल्या शिक्षकांत काळ्या त्या एकट्याच. गोऱ्या मुलांचे आईबाप म्हणायचे, जुनी मढी कशाला उकरता. काळ्या मुलांचे आईबाप म्हणायचे, आमच्या पोरांना वर्गात मान खाली घालायला लावू नका. दोन्हीकडून ऐकून घेतल्यावर पान उलटणंच बाईंना सोपं वाटायचं.

मग त्यांची आई वारली. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे जेवायला बसले होते. बाईंच्या ताटात शेंगभाजी आणि मक्याचा पाव तसाच पडून होता, आणि त्यांच्या मनात आलं की केझायाची गोष्ट माहीत असणारं आता आपल्याशिवाय कुणी उरलं नाही. त्यांना मूल नव्हतं. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटून ती गोष्ट वर्गाला सांगितली.

केझाया म्हणजे बाईंची पणजी. पाठीला लहानगी मुलगी बांधून, होडीची कड धरून तिनं नदी पार केली. ओढ्यानं वर निघाली तोच मागून माणसं आली. एका पोकळ झाडाच्या खोडात ती शिरली. पोर रडू नये म्हणून काकवीत भिजवलेली चिंधी तिच्या तोंडात दिली. माणसं दमदाटी करत नव्हती. ती गोड बोलत होती, नावानं हाका मारत होती. "केझाया, अगं तुझी आई चुलीपाशी कोसळलीय. तुझंच नाव घेतेय. चल, आम्ही काही करणार नाही." केझाया बाहेर आली नाही.

पहिल्या बाकावरच्या कोरीन टॉलिव्हरनं हात वर केला. काळीसावळी, बारकी, बोलण्याआधी शब्द तोंडात घोळवणारी पोर.

"बाई, मग तिची आई खरंच पडली होती का?"

"कुणाला कधी कळलं नाही, बाळा."

"केझायाला पण नाही?"

"तिलाही नाही."

कोरीननं हात खाली घेतला, पण नजर वर केली नाही. आपण जरा जास्तच सांगितलं की काय, असं बाईंच्या मनात आलं. तेवढ्यात घंटा झाली.

गोष्ट शाळाभर झाली. मुख्याध्यापक स्ट्रिकलर सर उत्साही माणूस. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "नुसतं सांगता कशाला? ऑक्टोबरात पोरांना त्याच ओढ्यानं वर न्या. बोगार्डांचं घर अजून उभं आहे. मालकीणबाई सफरचंदाच्या तळलेल्या पुऱ्या करून देईन म्हणतायत. आणि डेल काउफमन पकडणारा व्हायला तयार आहेत."

काउफमनांचं पेंडीचं दुकान होतं. आवाज रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा, मनानं चांगला, हसरा.

"पकडणारा कशाला हवा, सर? आम्ही नुसतं चालू."

"अहो बाई, पोरांना जरा मजा नको? लपाछपीच ती."

लपाछपीच ती. बाईंना पुढं बोलायला जमलं नाही. त्या बऱ्याचदा अशाच गप्प बसायच्या आणि मग घरी येऊन वेंडेलपुढं सगळं बोलून दाखवायच्या. वेंडेल म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग ना." तेही त्यांनी केलं नाही.

त्या दिवशी आभाळ उतरलेलं होतं. वरच्या अंगाला पाऊस झाल्यानं नदी फुगली होती आणि तिचं पाणी ओढ्याच्या तोंडातून आत सरकत होतं. बाईंनी मुलांच्या जोड्या लावल्या. कोरीनची जोडीदारीण तापानं घरी होती, म्हणून कोरीनला त्यांनी जवळ घेतलं. "तू माझ्याबरोबरच राहा." पोरीनं मान डोलावली.

मुलं मजेत होती. दगडांवरून उड्या मारत, एकमेकांना चूप करत, खिदळत चालली होती. अर्ध्या वाटेवर काउफमनांची आरोळी आली आणि त्यांच्या ठिपक्यांच्या शिकारी कुत्र्याचं भुंकणं. "या गं पोरींनो, या रे पोरांनो! घरी तुमची वाट बघतायत!" ठरल्याप्रमाणे मुलं पांगली. किंचाळत झुडपांमागं, दगडांमागं. एक मुलगा चिखलात घसरून आपटला. बाई त्याला उठवायला धावल्या, त्याचा गुडघा पुसला, रडू थांबवलं. मागं वळून बघतात तर कोरीन नव्हती. गेली असेल पुढं, मुलांबरोबर, असं त्यांना वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा तसं वाटून घेतलं.

बोगार्डांच्या ओसरीवर पुऱ्यांचा वास दरवळत होता. मुलं रांगेत उभी राहिली. बाईंनी डोकी मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. पोरांना हलू नका म्हणून ओरडल्या आणि पुन्हा मोजली.

"कोरीनला कुणी बघितलं?"

कुणी बघितलं नव्हतं.

मुलांना मालकीणबाईंच्या ताब्यात देऊन बाई टेकडी उतरल्या. पन्नाशीची जड बाई, चांगल्या बुटांनिशी ओढ्यात. काउफमन आधीच हाका मारत होते. आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "कोरीन! खेळ संपला गं! ये बाहेर!" कुत्रं इकडून तिकडं धावत होतं. त्यांना जे सापडत नव्हतं ते ओढ्याच्या तोंडाशी तर नसेल ना, हे दोघांच्याही मनात होतं. बाईंनी पाण्यात काठी घालून बघितली. खालचा दगड, ज्यावरून मुलं सकाळी उड्या मारत गेली होती, तो आता दिसत नव्हता.

जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, म्हणजे शेरीफच्या, कचेरीतून डेप्युटी गॉस आला. उंच, तरुण, कमी बोलणारा. बरोबर माणसं, दोन कुत्री आणि हातात कर्णा. कर्ण्यातून हाक घुमली. "कोरीन टॉलिव्हर. तुझी आई इथं आली आहे. ती रडतेय. बाहेर ये."

आई खरंच आली होती. आर्नेटा टॉलिव्हर इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. निळा झगा तसाच अंगात, दंडापर्यंत बाह्या वर केलेल्या, हात गरम पाण्यानं लाल झालेले. कर्णा तिच्या तोंडाशी धरला. तिनं हाक मारली. आवाज फाटला. पुन्हा मारली. टेकडी गप्प.

"आईच्या हाकेला पोर ओ देणार नाही असं होतं का?" गॉस हळूच काउफमनना म्हणाला. ते बाईंच्या कानावर पडलं, आणि त्यांनी चमकून टेकडीकडं बघितलं.

कारण असं होऊ शकतं, हे त्या वर्गाला त्यांनीच शिकवलं होतं. नावानं हाका मारतील. गोड बोलतील. आई तुझी वाट बघतेय म्हणतील. कुत्री असतील. हे सगळं आता त्या टेकडीवर जसंच्या तसं चाललं होतं. पोर जिवंत असेल तर ती मुद्दाम गप्प आहे. आणि खेळ संपल्याची खूण काय, हे तर बाईंनी कुणाला सांगितलंच नव्हतं. माथ्यावर सगळे पोचले की खेळ आपोआप संपेल, असं त्यांनी धरलं होतं.

त्या गॉसकडं गेल्या. "ही कुत्री गाडीत घाला. हाका बंद करा."

"बाई, अंधार पडायला किती वेळ उरलाय बघताय ना?"

"बघतेय. तुम्ही जितकं बोलवाल तितकी ती आत शिरेल. तिला तुम्ही पकडणारे वाटताय."

"मी शेरीफचा माणूस आहे."

"तेव्हाही शेरीफचीच माणसं असायची."

गॉसचा चेहरा लाल झाला. असं कुणाला काही बोलायची बाईंना सवय नव्हती. त्यानं एकदा आर्नेटाकडं बघितलं, मग टोपी काढून कपाळ पुसलं. "माणसं नदीच्या बाजूला लावतो. ओढा तुम्हाला देतो. पण काळोख व्हायला लागला की मी पुन्हा कुत्री सोडणार."

दोघी पात्रात उतरल्या. बाई पुढं, आर्नेटा मागं. कुत्र्यांचा आवाज थांबला होता. पाण्याचा आवाज मात्र वाढलेला. दोघी दगडांमागं, झुडपांत बघत चालल्या. मग आर्नेटाचा संयम सुटला.

"तुम्ही माझ्या पोरीला लपायला शिकवलंत ना? मग आता शोधायला शिकवा मला."

"मिसेस टॉलिव्हर, मी—"

"थांबा. मला बोलू द्या. गेला महिनाभर ती पोर माझ्या पलंगाखाली जाऊन बसतेय. मी म्हटलं, खेळतेय. म्हटलं, बाई काहीतरी चांगलंच शिकवत असतील. शिकलेल्या आहेत. माझी आजी या गोष्टी दाराला कडी लावून सांगायची, आणि तेही आम्ही मोठ्या झाल्यावर. तुम्ही नऊ वर्षांच्या पोरांना सांगितलंत, आणि वर त्या पेंडवाल्याला कुत्रं घेऊन मागं लावलंत! एका गोऱ्या माणसाला! कुत्रं घेऊन! काळ्या पोरांच्या मागं! डोकं कुठं ठेवलं होतंत?"

"मी नको म्हणत होते."

"कुणाला नको म्हणत होतात? मोठ्यानं म्हणालात?"

बाईंनी पुढच्या दगडावर पाय टाकला.

"नाही ना म्हणालात! चर्चमध्ये पण तुमचं तेच. सगळ्यांच्या मागं बसायचं आणि पर्स घट्ट धरायची. आणि ती पोर तुमच्यावर जीव टाकते हो. घरी आली की बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. मी काय म्हणते ते या कानानं ऐकते आणि त्या कानानं सोडते. आज नवा कोट घालून आलीय, माहितीय? मी म्हटलं होतं, जुना घाल. नाही! बाईंबरोबर जायचंय म्हणून नवा! आता तो चिखलात लोळवला असेल तर मी तिला—"

इथं आर्नेटाला रडू फुटलं. ती एका दगडावर बसली आणि झग्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. बाई बाजूला उभ्या राहिल्या. हात पुढं करावा की नाही, त्यांना कळेना.

"आई, तू बाईंना ओरडू नकोस ना."

आवाज बाजूनं आला. काठावर एक जुनं सिकॅमोर झाड आडवं झालं होतं. त्याच्या मुळांखाली मातीत खबदाड पडलं होतं. तिथून आधी दोन चिखलानं भरलेले हात आले, मग तोंड. पाण्याची कड तिच्या बुटांपर्यंत पोचली होती.

"ती माणसं गेली का?"

"गेली," बाई म्हणाल्या. "सगळी गेली. मीच घालवली त्यांना."

आर्नेटानं तिला ओढून काढलं, गालावर एक चापट मारली आणि लगेच इतकं घट्ट धरलं की पोर म्हणाली, "आई, श्वास." नव्या कोटाची पार दशा झाली होती. पोरीचे ओठ निळे पडले होते आणि बुटात पाय आहेत की नाही हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

वर चढताना आर्नेटानं विचारलं, "मी किती हाका मारल्या गं. ऐकू आल्या नाहीत?"

"आल्या. पण मला वाटलं त्यांनी तुला धरलंय. धरून बोलायला लावतायत."

"मग आता कशी आलीस?"

पोरीनं थोडा विचार केला. "धरून आणलेली आई कोटावरून नसती ओरडली."

गॉसनं तिला आपल्या घोंगडीत गुंडाळलं. काउफमन जवळ आले, पण कोरीननं आईच्या झग्यात तोंड लपवलं, तसे ते जागीच थांबले. मग आपलं कुत्रं घेऊन, कुणाशी न बोलता खाली निघून गेले. त्यांच्या पाठीकडं बघून बाईंना त्यांचंही वाईट वाटलं.

पुढं व्हायचं ते झालं. शाळेच्या समितीपुढं बाईंना उभं केलं. स्ट्रिकलर सर म्हणाले, कल्पना आपलीच होती. हे बोलण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला. समितीनं ओढ्याची वाट बंद केली. गोष्ट सांगायला मनाई केली नाही, पण एकजण चष्मा पुसत म्हणाला, "पुस्तकात आहे तेवढंच पुरे नाही का?" बाईंना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पान उलटायचं की संपलं.

पण कोरीन शाळेत आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आर्नेटानं दारातच सांगितलं, "झोपत नाही. सगळ्या कड्या लागल्यात का ते बघून यायला लावते. माझ्यावर विश्वास ठेवत नाही, स्वतः उठून बघते." या वेळी तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते बाईंना जास्त लागलं.

रविवारी चर्च सुटल्यावर बाई टॉलिव्हरांच्या घरी गेल्या. स्वयंपाकघरात घेवड्याचं कालवण शिजत होतं. कोरीन टेबलाशी बसली होती. बाई कोट न काढताच बसल्या.

"कोरीन, मी तुला केझायाची अर्धीच गोष्ट सांगितली."

"माहितीय. ती बाहेर आली नाही."

"आली. माणसं गेल्यावर आली. चालत माथ्यावर गेली. दार वाजवायचा धीर होईना म्हणून कुंपणापाशी उभी राहिली. पाठीवरची पोर रडायला लागली आणि दार आपोआप उघडलं. म्हाताऱ्या बोगार्डबाईनं मक्याची लापशी आणि दूध दिलं. केझायाला गिळवेना. पोरीनं मात्र वाटी संपवली आणि म्हातारीच्या अंगावर ओकली. म्हातारी हसली. केझाया सांगायची, नदी ओलांडल्यावर कुणाचं हसणं ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा."

"ती पोर कोण?"

"माझी आजी. ऐंशी वर्षं जगली. फार खायची."

कोरीनच्या तोंडावर किंचित हसू आलं. मग ती म्हणाली, "पण केझायाच्या आईचं काय झालं, ते नाहीच ना कळलं."

"नाही. ते नाही कळलं."

हे मात्र बाईंनी बदललं नाही. घरी जाताना त्यांना वाटत राहिलं, खोटं सांगून पोरीला झोपवायला हवं होतं का? वेंडेलला विचारलं. तो बूट काढत म्हणाला, "झोपली असती. आणि मोठी झाल्यावर तुला कधी माफ केलं नसतं."

पुढच्या वर्षी बाई समितीपुढं स्वतःहून गेल्या. त्या म्हणाल्या, वाट उलटी नेते. माथ्यावरून खाली. आधी बोगार्डांच्या ओसरीवर बसायचं, खायचं, कोण पोचलं ते ऐकायचं. मग उतरत नदीवर जायचं, आणि कुठून आले ते बघायचं. पकडणारा नाही, कुत्रं नाही, लपणं नाही. आया बरोबर येतील. बरीच वादावादी झाली आणि एका मताच्या फरकानं परवानगी मिळाली.

कोरीन गेली नाही. आता ती वरच्या वर्गात होती, तरी बाईंनी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "मला तिथं जायचं नाही, बाई." बाई म्हणाल्या, "नको जाऊस." रांग शाळेसमोरून निघाली तेव्हा ती खिडकीशी उभी होती. तिनं हात केला नाही, पण रांग वळेपर्यंत हललीही नाही.

आर्नेटा मात्र आली. कामावरून सुट्टी काढून, जुने बूट घालून, सगळ्यात मागं. उतरताना बाई दर वळणाला थांबून डोकी मोजायच्या आणि मागून आर्नेटा ओरडायची, "आहेत हो सगळी! चला पुढं!" तरी त्या मोजायच्याच. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी त्या अशाच मोजत राहिल्या; आदल्या दिवशीचं जेवण कधी गेलं नाही ते नाहीच.

नदीवर पोचल्यावर मुलं पाण्यात खडे मारू लागली. एका मुलीनं पलीकडच्या टेकड्यांकडं बोट दाखवून विचारलं, "बाई, तिकडं राहिले त्यांचं काय?"

लुवेनियाबाई दगडावर बसल्या. "ये, बस," त्या म्हणाल्या, "सांगते." आणि पाण्याच्या फार जवळ गेलेल्या एका पोराला त्यांनी आधी मागं बोलावून घेतलं.